तारखांचें गौडबंगाल

जयंती, पुण्यतिथि, रौप्यमहोत्सव, शताब्दी इत्यादि दिवसांविषयीं विद्यार्थिवर्गास किती आदर असतो, हें सांगावयास नकोच. त्या दिवशीं बहुधा सुटी असते, आणि सुटी मिळवून देणाऱ्या थोर पुरुषाविषयीं कृतज्ञता वाटणें हा मनुष्यस्वभावच होय. परंतु परीक्षा जवळ आली म्हणजे त्याच थोर पुरुषांच्या तारखा पाठ कराव्या लागतात, व ही कृतज्ञता झपाट्यानें ओसरूं लागते. अशा त्रस्त वाचकांच्या समाधानार्थ, ह्या तारखा आपण समजतों तितक्या अढळ नाहींत, हें येथें थोडक्यांत दाखविण्याचा आमचा विचार आहे.

मूळ दोष पृथ्वीचा आहे. तिची सूर्याभोंवतीं प्रदक्षिणा पुऱ्या दिवसांत संपत नाहीं. ३६५ दिवसांवर सुमारें ५ तास ४९ मिनिटें तिला अधिक लागतात. रोमच्या ज्यूलियस सीझरनें ह्या शिलकी वेळाचा बंदोबस्त करण्यासाठीं दर चौथ्या वर्षीं एक दिवस अधिक धरण्याची पद्धति घातली. परंतु पूर्वींचा घोळ निस्तरण्याकरितां इसवी सनापूर्वीं ४६ हें वर्ष त्यास ४४५ दिवसांचें करावें लागलें. ‘सालअखेर पैसे फेडतों’ असा वायदा करून बसलेल्या ऋणकोंस त्या वर्षीं किती आनंद झाला असेल, याची कल्पनाच केलेली बरी!

तथापि सीझरच्या हिशेबांतही वर्षामागें सुमारें ११ मिनिटें जास्त धरलीं गेलीं होतीं. अकरा मिनिटें म्हणजे मधल्या सुटीची घंटा झाल्यावर वर्गांत येण्यास कित्येक मुलांस लागणारा वेळ! पण इ. स. ३२५ पासून १५८२ पर्यंत तींच मिनिटें सांचून दहा दिवस झाले, व ज्या वसंतसंपातावरून ईस्टरचा सण ठरतो, तो २१ मार्चऐवजीं ११ मार्चच्या सुमारास येऊं लागला. तेव्हां पोप तेरावा ग्रेगरी यानें दहा दिवस एकदम गाळून टाकले. १५८२ सालीं गुरुवार ता. ४ ऑक्टोबर संपली, आणि दुसरे दिवशीं शुक्रवार ता. १५ ऑक्टोबर उजाडली! स्पेन देशांतील साध्वी तेरेसा हिचें देहावसान नेमकें त्याच रात्रीं झालें; म्हणून तिचा स्मृतिदिन आजही १५ ऑक्टोबर रोजीं पाळतात. पुढें पुन्हां घोळ होऊं नये म्हणून, ज्या शतकी वर्षांस ४०० नें भाग जात नाहीं, तीं लीप वर्षें धरूं नयेत, असाही नियम झाला.

पोपचें गणित बरोबर असलें तरी तें मान्य कसें करावें, ह्या विवंचनेंत प्रॉटेस्टंट इंग्लंडनें १७० वर्षें घालविलीं. ह्याची गंमत आपल्या किनाऱ्यावरही झाली. शिवकालीं वसई पोर्तुगीजांची होती व मुंबई इंग्रजांची. पोर्तुगीज नवें पंचांग पाळीत, इंग्रज जुनें. अर्थात् वसईस नाताळ साजरा करून गलबतांत बसलेला उतारू मुंबईस पोंचला, तर तेथें नाताळास अजून नऊ-दहा दिवस अवकाश असे. एकाच हिवाळ्यांत दोनदां मेजवानी झोडण्याची ही सोय १७३९ सालीं मराठ्यांनीं वसई घेतली तेव्हां संपली.

१७५२ सालीं इंग्लंडनेंही हार खाल्ली. तोंवर फरक अकरा दिवसांचा झाला होता. म्हणून २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आली. ‘आमचे अकरा दिवस परत द्या’ असा ओरडा करून लोकांनीं दंगे केले, ही कथा प्रसिद्ध आहे. पण अलीकडील इतिहाससंशोधकांस तिला पुरेसा आधार सांपडत नाहीं. करवसुली खात्याची हुशारी मात्र निःसंशय खरी. तेथील हिशेबाचें वर्ष २५ मार्चला सुरू होई. पार्लमेंटनें अकरा दिवस गाळले, तरी ह्या खात्यानें आपला एकही दिवस सोडला नाहीं. वर्षारंभच ५ एप्रिलवर नेला. पुढें त्यांत आणखी एका दिवसाची भर पडली, आणि तेथील लोकांच्या प्राप्तीवरील कराचें वर्ष आजही ६ एप्रिलला सुरू होतें.

ज्या वर्षीं गॅलिलिओ वारला त्याच वर्षीं न्यूटन जन्मला, असें मोठ्या कौतुकानें सांगतात. परंतु गॅलिलिओची ८ जानेवारी १६४२ ही तारीख नव्या पंचांगाची, आणि न्यूटनची २५ डिसेंबर १६४२ ही जुन्या पंचांगाची आहे. नव्या गणनेनें न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ चा ठरतो! रशियांतील ‘ऑक्टोबर क्रांती’चा वार्षिक दिवस ७ नोव्हेंबर, याचेंही कारण हेंच. आपले माजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. ग्रेगरीच्या नियमानें १९०० हें लीप वर्ष नव्हतें. म्हणून त्यांचा पहिला वाढदिवस आठव्या वर्षीं आला, आणि ९९ वर्षांच्या आयुष्यांत त्यांस अवघे २३ वाढदिवस लाभले. आमच्या पूर्वजांनीं मात्र दिवसांची अशी कंजूषी न करतां सुमारें तीन वर्षांनीं अख्खा अधिक मास दिला, व त्यांत जांवयास अनरशांचें वाण देऊन गणिताची गोडी वाढविली.

ह्या सर्व विनोदांत एक गंभीर गोष्ट आहे. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ रोजीं झाला. तोच दिवस जुन्या पंचांगानें ६ जून १६७४, व नव्यानें १६ जून होतो. तेव्हां त्या काळचें एक इंग्रजी व एक पोर्तुगीज पत्र पुढें ठेवून, तारखा जुळत नाहींत म्हणून दोहोंपैकीं एकास खोटें ठरविणारा अभ्यासक स्वतःच फसेल. तारीख वाचतांना ती कोणत्या पंचांगाची, हें आधीं विचारावें.

परीक्षेंत वाचकांनीं पुस्तकांतलीच तारीख लिहावी, हें उत्तम. पण तिच्यापुढें ‘जुनी पद्धति’ असे दोन शब्द लिहिणाऱ्यास एक गुण अधिक मिळावा, अशी शिक्षकवर्गास आमची नम्र विनंती आहे.