हे दुखणं सांगायचं कुणाला?

मावळात भाताची आवणी सुरू झाली की घरात बसलेली बाई शोधूनही सापडत नाही. कामशेत-पवनानगर रस्त्यावरून आत वळलं की बेडसे गाव, तिथे आमचं मूळ घर. वर डोंगरात लेणी, खाली इंद्रायणी भाताची खाचरं. २०२५ च्या जुलैमध्ये मी तळेगावहून आवणीसाठी म्हणून गेले, तर माझ्या थोरल्या जाऊबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या. आम्ही सगळ्या त्यांना अक्का म्हणतो. ऑपरेशन झालं ते एक वर्ष सोडलं तर अक्कांनी कधी आवणी चुकवलेली नाही. मला वाटलं, हात सुजला असेल. ज्या बाजूचं स्तन काढलं त्या बाजूचा हात त्यांना जपावा लागतो.

"हात न्हाय गं," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा तांदळात बोटं घातली.

रात्री सगळे झोपल्यावर बोलल्या, तेही अंधारात, माझ्याकडे पाठ करून. लघवीला बसलं की मिरची लावल्यासारखी आग होते. वाकलं की टोचतं. दिवसभर चिखलात ओल्या लुगड्यानं उभं राहायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. एसटीत बसून कामशेतला जायचं तरी जीव नको होतो. वर्षभरात तीनदा लघवीच्या इन्फेक्शनचं औषध घेऊन झालं. दर वेळी चार दिवस बरं, मग तेच. आणि मग खरी गोष्ट सांगितली: दोन महिने झाले, कॅन्सरची गोळी घेतलेली नाही. शेजारणीच्या सुनेने मोबाइलवर वाचून दाखवलं होतं की त्या गोळीनेच असं होतं.

मैत्रिणींनो, त्या सुनेने वाचलेलं खोटं नव्हतं. म्हणून तर आज हा विषय काढते आहे.

अक्कांचं ऑपरेशन २०२१ मध्ये झालं. मग केमो, रेडिएशन आणि २०२२ पासून रोज एक लेट्रोझोलची गोळी, पाच वर्षं. स्तनाचे बरेचसे कॅन्सर इस्ट्रोजेन या बाईच्या अंगातल्या हार्मोनवर पोसले जातात. १८९६ मध्ये बीटसन नावाच्या स्कॉटलंडमधल्या सर्जनने दाखवून दिलं होतं की बीजकोश काढले की काही बायकांची स्तनातली गाठ ओसरते. पाळी गेल्यावर बीजकोश थंडावतात, पण अंगातल्या चरबीत वगैरे थोडं इस्ट्रोजेन तयार होतच राहतं. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल या गोळ्या तेवढंही होऊ देत नाहीत. कॅन्सरची रसद तुटते, हे चांगलंच. पण त्याच इस्ट्रोजेनवर योनिमार्गाची आणि लघवीच्या वाटेची नाजूक त्वचा ओलसर, लवचिक राहते. ती रसद तुटली की त्वचा पातळ होते, कोरडी पडते, चिरते, आग होते, लघवीचं इन्फेक्शनही पुन्हा पुन्हा होऊ शकतं. पाळी गेलेल्या कुठल्याही बाईला हे होऊ शकतं. या गोळ्या घेणारीला जास्त.

गंमत बघा, अंगावरून जाणं याला आपल्याकडे शब्द आहे, अंग बाहेर येणं याला आहे. या कोरडेपणाला नाही. त्यामुळे बाई डॉक्टरांना सांगते ती फक्त "आग होते". डॉक्टर लघवीचं औषध देतात. आग होते म्हणजे दर वेळी इन्फेक्शनच असतं असं नाही, हे अक्कांना तीन कोर्स घेईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. लघवी तपासायला, कल्चरला पाठवायलाही कुणी सुचवलं नव्हतं.

आणि एक मोठा गैरसमज. हे दुखणं नवरा-बायकोच्या संबंधांपुरतंच आहे असं आपण धरून चालतो. आमचे थोरले दीर जाऊन नऊ वर्षं झाली. अक्का मला म्हणाल्या, "मी रांडमुंड बाई, अशा जागेचं दुखणं घेऊन डॉक्टरकडं गेले तर काय म्हणतील?" या एका भीतीपायी त्यांनी जीव वाचवणारी गोळी बंद केली, पण तोंड उघडलं नाही. ज्यांचा संसार चालू आहे त्यांचं दुखणं वेगळ्या तऱ्हेने मुकं असतं. जवळ गेलं की दुखतं, म्हणून ती टाळते. त्याला वाटतं, हिला आपण नकोसे झालो. तिला वाटतं, स्तन गेलं म्हणून हाच दूर राहतो. दोघंही गप्प.

सकाळी अक्कांनी गोळ्यांचा पत्र्याचा डबा काढला. न फोडलेल्या पाकिटांखाली एक अर्धवट वापरलेली ट्यूब होती. शेजारणीची. तिला अंग बाहेर येण्याच्या त्रासासाठी डॉक्टरांनी दिलेली, तिने मायेपोटी अक्कांना दिली. मी चष्मा लावून वाचलं: इस्ट्रिऑल. म्हणजे इस्ट्रोजेनच! खोक्यातल्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की स्तनाचा कॅन्सर असलेल्या किंवा होऊन गेलेल्या बाईने हे वापरू नये. माझ्या हातापायातलं त्राण गेलं. अक्कांनी चारच वेळा लावलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं होतं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही कामशेतहून लोकल धरून पुण्याला गेलो. कॅन्सरच्या ओपीडीत डॉक्टरीणबाई होत्या. अक्का बोलेनात, तेव्हा मीच सुरुवात केली. त्यांनी पडदा ओढला, नीट तपासलं, लघवी कल्चरला पाठवली आणि म्हणाल्या की चार वेळा लावलं म्हणून घाबरून जाऊ नका, पण पुढे आपल्या मनाने काही लावू नका आणि गोळी आज रात्रीपासून सुरू करा. मग त्यांनी जे समजावलं ते मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवलं.

पहिली पायरी बिनहार्मोनची. आतून लावायचं मॉइश्चरायझर मिळतं, ते आठवड्यातून दोन-तीनदा रात्री झोपताना लावायचं. दुखो न दुखो, नेमाने, आपण टाचेच्या भेगांना लावतो तसं. संबंधांच्या वेळी लागणारी पाण्यासारखी जेली वेगळी, ती त्या वेळेपुरती. बाहेरच्या त्वचेला साधं शुद्ध खोबरेल चालतं, केसांचं सुगंधी तेल नव्हे. (निरोध वापरत असाल तर तेल नको, रबर फाटतं.) साबण, जंतुनाशक टाकलेलं पाणी, तुरटीचं पाणी यांनी ती जागा धुणं आधी बंद. अक्का रोज तुरटीच्या पाण्याने धूत होत्या! आग झाली की तुरटी, तुरटीने आणखी कोरडं, म्हणून आणखी आग.

काही आठवडे हे करून उतार पडला नाही तर दुसरी पायरी, अगदी कमी मात्रेचं इस्ट्रोजेन फक्त त्या जागी लावायचं. ते कागदावर तर नको म्हटलंय, असं मी विचारलं. तर त्या म्हणाल्या की ती ताकीद मुळात पोटातून घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांच्या अनुभवातून आली. २००२ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मध्येच थांबवावा लागला, कारण हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांत स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला. तेव्हापासून गोळी असो की क्रीम, सगळ्यांच्या खोक्यावर सारखीच भीती छापली गेली. क्रीममधून रक्तात जाणारं इस्ट्रोजेन मात्र फारच थोडं असतं. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या स्कॉटलंड आणि वेल्सच्या सुमारे ४९ हजार रुग्ण बायकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. योनिमार्गात इस्ट्रोजेन लावणाऱ्यांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू वाढलेले आढळले नाहीत.

मग लगेच चिठ्ठी का नाही दिली? कारण अक्का लेट्रोझोलवर आहेत. डेन्मार्कमध्ये आठ हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही एकूण बायकांत धोका वाढलेला दिसला नाही, पण लेट्रोझोलच्या जातीच्या गोळ्या घेत असताना असं इस्ट्रोजेन लावणाऱ्यांमध्ये कॅन्सर उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं. मृत्यू तिथेही वाढलेले नव्हते, तरी डॉक्टर जपून पाऊल टाकतात.

अक्कांना हे शेतावरच्या भाषेत मी सांगितलं. लेट्रोझोल म्हणजे पाटाचं पाणीच तोडलं. टॅमॉक्सिफेन नावाची दुसरी गोळी आहे, तिच्यात पाटाला पाणी असतं, पण वाफ्याच्या तोंडाशी बांध घातलेला असतो. बांध असला की इकडून तिकडून थोडं पाणी झिरपलं तरी वाफ्यात शिरत नाही. पाणी तोडण्यावरच सगळी मदार असेल तर मात्र झिरपलेला थेंबही मोजावा लागतो. म्हणून फारच त्रास असेल तर काही वेळा डॉक्टर गोळीच बदलून टॅमॉक्सिफेन देतात आणि मग क्रीमचा विचार करतात. हे गणित प्रत्येकीचं वेगळं, गाठ कसली होती, किती वर्षं झाली यावर. त्यामुळे कॅन्सरच्या डॉक्टरांना वगळून कुणाचीही ट्यूब, कितीही मायेने दिलेली, लावायची नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने हार्मोनच्या औषधांवरची ती ठळक चौकटीतली ताकीद काढण्याचं जाहीर केलं. बातमी वाचून मला दोघींचे फोन आले की आता चालतं ना? स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या बाईला त्या बातमीनेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय परवानगी मिळत नाही.

आता पैशाचं. अक्कांचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झालं, तेव्हा घर मोडलं नाही. मेडिकलमधून आणायची ट्यूब मात्र अशा योजनेत बसत नाही, ती खिशातूनच. लेट्रोझोल जनऔषधी केंद्रात बाहेरच्यापेक्षा बरीच स्वस्त मिळते, तिथे वाचलेले पैसे इकडे वळवता येतात. इस्ट्रिऑल क्रीमचा हिशेब मी डॉक्टरीणबाईंकडून मांडून घेतला. सुरुवातीला दोन आठवडे रोज अर्धा ग्रॅम, म्हणजे सात ग्रॅम. नंतर आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा ग्रॅम, म्हणजे आठवड्याला एकच ग्रॅम. पंधरा ग्रॅमची पहिली ट्यूब दहा आठवडे जाते, पुढची पंधरा आठवडे. वर्षाला चारच ट्यूब! बायका घाबरून रोज लावतात किंवा बोटभर जास्त घेतात, मग ती महाग पडते आणि अंगालाही नको तेवढं जातं. मॉइश्चरायझर हिशेबाने उलट जास्त लागतं, कारण ते कायम लावायचं.

पण अक्कांची अडचण किमतीची नव्हतीच. घरात पैसे असतात मुलाच्या हातात आणि औषधं आणतो तोही तोच, मोटरसायकलवरून कामशेतहून. गोळी आण म्हणून त्याला सांगता येतं. ही ट्यूब आण म्हणून कुठल्या तोंडाने सांगायचं? मेडिकलच्या काउंटरवर तो काय म्हणेल, बिलावर काय लिहून येईल? दोनशे रुपयांची वस्तू असो की पाचशेची, ती मुलाकडून मागावी लागणार असेल तर आपल्याकडच्या बाईला ती परवडत नाही. कितीतरी घरांत हेच असणार.

अक्कांनी त्यावर उपाय स्वतःच काढला. रविवारी लेण्यांच्या पायऱ्यांच्या पायथ्याशी त्या ताक आणि लिंबू सरबत विकतात. कार्ल्याइतकी गर्दी नसते, पण पावसाळ्यात पुण्या-मुंबईची पोरं येतात. त्या पैशांतला वाटा वेगळा काढून पहिल्या दोन महिन्यांची ट्यूब माझ्याकडून मागवली. पुढची सुनेला सांगून. मला आश्चर्य वाटलं, तर म्हणाल्या, "ती ट्यूब बघून तीच इचारली, आत्याबाई हे काय? मग सांगून टाकलं. तिला बी कधी ना कधी लागंल की."

कल्चरमध्ये जंतू निघालेच नाहीत. तीन महिन्यांनी बारा आणे बरं वाटू लागलं. दिवाळीच्या सुमारास भातकापणीला विळा घेऊन खाचरात होत्या, मध्येच उठून लघवीला जाऊन येत होत्या, तुंबवून ठेवायची नाही म्हणून. अजून कधी आग होते. पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंशी दुसऱ्या पायरीचं बोलायचं ठरलं आहे, आणि गोळी एकही दिवस चुकलेली नाही, डब्यावर खडूने रेघा ओढून ठेवल्या आहेत.

गेल्या खेपेला ओपीडीच्या बाकावर शेजारी जुन्नरकडची एक बाई बसली होती, पदराने तोंड झाकून. अक्कांनी तिला सरळ विचारलं, "तुला लघवीला आग होती का गं?" ती आधी दचकली. मग हळूच मान हलवली. माझा नंबर यायच्या आत अक्कांनी तिला तुरटीपासून सगळं सांगून टाकलं होतं, आणि "आत गेलीस की तूच बोल, नायतर मी येते संगं," असंही.