गोंगाटातला शब्द

जत्रेत, आगगाडीच्या फलाटावर किंवा गिरणीच्या खात्यात आपले बोलणे पोचत नाही असे दिसले की मनुष्य आवाज चढवतो. हा मनुष्याचा स्वभावधर्मच होय. एटिएन लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ साली त्याचे वर्णन केले, आणि शास्त्रात ही प्रवृत्ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. परंतु ऐकू येणे व समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला आवाजाचा जोर पुरतो, दुसरीला तो पुरत नाही.

याचे कारण उच्चारांच्या घडणीत आहे. स्वर लांबतात व त्यांत जोर असतो. व्यंजने क्षणिक आणि दुबळी असतात. ‘तार’, ‘चार’, ‘पार’, ‘फार’ या शब्दांतील ‘आर’ गोंगाटातही कानी पडतो. पण अर्थाचा भेद करणारे पहिले व्यंजन मात्र बुडून जाते. ओरडल्याने मुख्यतः स्वरच वाढतो, म्हणजे ज्याला मदतीची गरज नव्हती त्यालाच मदत मिळते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर यांनी दूरध्वनीच्या अभ्यासात असे दाखविले की, सेकंदाला १००० कंपनांखालचे नाद गाळले तर बोलण्यातील बहुतेक शक्ती नाहीशी होते, तरी शब्द बव्हंशी ओळखता येतात. सभेतील ध्वनिवर्धकाचा खर्ज कमी केल्यावर आवाज किरटा वाटतो, पण शब्द उमटू लागतात, ते यामुळेच.

ऐकणारा केवळ कानाने ऐकत नाही, अपेक्षेनेही ऐकतो. जॉर्ज मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, संभाव्य शब्द जितके थोडे तितके ते गोंगाटात अधिक अचूक ओळखले गेले. सुटा शब्द चुकला, तरी वाक्यात तोच शब्द कळला. विमानवाहतुकीची वर्णमाला याच तत्त्वावर उभी आहे. ‘बी’, ‘डी’, ‘पी’, ‘टी’ ही अक्षरे एकमेकांत मिसळतात. म्हणून १९५६ पासून ‘ब्राव्हो’, ‘डेल्टा’, ‘पापा’, ‘टँगो’ असे ठरीव शब्द वापरले जातात. ‘कमळाचा क’ म्हणणारे मराठी मूल नकळत हीच युक्ती वापरते. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांत घोटाळा होऊ शकतो; ‘पाच, नऊ’ आणि ‘सहा, नऊ’ यांत तो सहसा होत नाही. रेल्वेस्थानकावर गाडीचा क्रमांक एकेक आकडा सुटा करून पुकारतात, त्याचा लाभ हाच.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरील विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो विमानांची धावपट्टीवरच टक्कर झाली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. एका वैमानिकाने उड्डाणाविषयी संदिग्ध शब्द उच्चारले. नियंत्रकाने ‘ठीक’ म्हणून मग थांबण्यास सांगितले. त्याच क्षणी दुसऱ्या विमानाने आपण अजून धावपट्टीवर असल्याचे कळविले. दोन्ही संदेश एकाच लहरीवर एकमेकांत मिसळले, आणि पहिल्या विमानात ‘ठीक’ एवढा शब्द स्पष्ट पोचून पुढे कर्कश शीळ ऐकू आली. अपघाताला इतरही कारणे होती. परंतु त्यानंतर शब्दांची शिस्त कडक झाली. ‘टेक-ऑफ’ हा शब्द केवळ प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना वा ती रद्द करताना वापरावा, आणि महत्त्वाची आज्ञा मिळाल्यावर नुसते ‘ठीक’ न म्हणता ती पुन्हा उच्चारून दाखवावी, असा दंडक दृढ झाला.

घरात, कचेरीत, रुग्णालयातही हीच शिस्त उपयोगी पडते. बोलणाऱ्याने समोर तोंड करून बोलावे, कारण ओठांची हालचाल बुडालेली व्यंजने भरून काढते. प्रथम विषय सांगावा, मग तपशील. वाक्ये लहान असावीत व मध्ये किंचित थांबावे. एक शब्द दोनदा कळला नाही, तर तिसऱ्यांदा तो ओरडण्याऐवजी दुसरा शब्द योजावा. औषधाचे प्रमाण, गाडीची वेळ किंवा पैशांचा आकडा ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवावा. ऐकणाऱ्याने मान हलविली म्हणजे त्याला कळले, असे मात्र बोलणाऱ्याने कधीही समजू नये.