माळवदाचे घर आणि नवा आराखडा

बीड शहराजवळची खजाना विहीर इ.स. १५८२ च्या सुमारास, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात, सलाबतखानाने बांधविली. तिचे स्थापत्यकार म्हणून राजा भास्कर यांचे नाव सांगितले जाते. भूगर्भातील पाणी भुयारी वाटेने विहिरीत घ्यावयाचे आणि जमिनीच्या उतारानेच पुढे शेतांपर्यंत न्यावयाचे, अशी तिची योजना. मोट नाही, रहाट नाही. बांधणाऱ्याने आधी भूमी पारखली, दगड नंतर रचला. जिल्ह्यातील जुनी घरेही अशाच विचाराने बांधलेली दिसतात.

बीड, अंबाजोगाई, परळी येथील जुन्या पेठांत अशा घरांची मांडणी ठरलेली असे. रस्त्याकडे दुकान, मागे ओसरी, मधोमध चौक, त्यापलीकडे माजघर आणि स्वयंपाकघर. दगडमातीच्या दोन-तीन फूट जाडीच्या भिंती. वर लाकडी खांब-तुळयांनी पेललेले पांढऱ्या मातीचे माळवद. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, परंतु त्या जाड थरांतून उष्णता आत झिरपेपर्यंत दिवस कलतो आणि घरातली माणसे माळवदावर अंथरूण टाकावयास मोकळी होतात. चौकातून तापलेली हवा वर निघून जाते, उजेड आत येतो. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या कुटुंबास दिव्यावाचून ताट दिसावे, हीदेखील त्या चौकाचीच सोय.

आता असे वाडे पाडून त्या जागी स्लॅबच्या इमारती उठत आहेत. दर्शनी भागास काच, मग ती पश्चिमेस का असेना! वातानुकूलनाचे बिल पुढे दरमहा येत राहते. कर्जप्रकरणात नकाशा, अंदाजपत्रक, मालकीचे कागद बारकाईने तपासले जातात. दुपारचे ऊन कोणत्या भिंतीवर पडणार, हे विचारणारा रकाना अर्जात सहसा नसतो.

तथापि जुन्याचे सरसकट गुणगानही धोक्याचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे शेजारच्या लातूर-धाराशिव पट्ट्यात किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो माणसे याच दगडमातीखाली गाडली गेली. भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या थरांस एकत्र बांधणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी घातलेच नव्हते. माळवद गळू नये म्हणून त्यावर वरचेवर माती चढविली जाई. पिढ्यान्‌पिढ्या ते ओझे वाढतच गेले. कित्येक घरांत लाकडी सांगाडा उभा राहिला आणि भिंती मात्र माणसांच्या अंगावर कोसळल्या, ही बाब विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे.

त्यानंतर ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. सरळ रुंद रस्ते, ओळीने सारखी घरे. भूकंपाचा विचार त्यांत होता. परंतु बैल कोठे बांधावेत, कडबा कोठे रचावा, भाऊबंदांची दारे समोरासमोर कशी राहावीत, याचा विचार पुष्कळ ठिकाणी राहून गेला. मग लोकांनीच पत्र्याची छपरे काढली, आवाराला भिंती घातल्या आणि आपल्या पद्धतीचे अंगण पुन्हा करून घेतले. दुसरीकडे, ज्या गावांचे स्थलांतर झाले नाही तेथे जुनी घरे दुरुस्त करून बळकट करण्याचा मोठा कार्यक्रमही शासनाने राबविला. त्याची चर्चा फारशी होत नाही. वास्तविक वाडेवाल्यांस उपयोगी पडावे असे ज्ञान तेथेच आहे.

जाणता वास्तुरचनाकार वाड्यात आल्यावर पाडकामाचा भाव सांगत नाही. तो खांबांचे बूड कुजले आहे काय, हे पाहतो. भिंतीत फुगवटा आहे का, कोपरे एकमेकांत गुंतलेले आहेत का, हे तपासतो. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड किंवा काँक्रीटचे टाके बसविता येतात; वरच्या बाजूस कमरपट्ट्यासारखा सलग पट्टा बांधता येतो. चौक राहतो, दुकानाची दर्शनी बाजू नवी होते, मागे एखादी स्लॅबची खोलीही वाढविता येते. माळवदावर मात्र पावसाळ्यापूर्वी मातीचा आणखी एक थर न चढविता, आधीचे जादा थर उतरवून पाणी अडविणारे हलके आच्छादन घालावे लागते.