द्रुझ समाज आणि इस्रायल : सैन्यात बरोबरी, कायद्यात प्रतीक्षा

४ ऑगस्ट २०१८ च्या रात्री तेल अवीवच्या राबिन चौकात इस्रायलच्या राष्ट्रध्वजाबरोबर हिरव्या, लाल, पिवळ्या, निळ्या आणि पांढऱ्या पट्ट्यांचा द्रुझ ध्वज फडकत होता. हजारोंच्या त्या जमावात पांढरी पागोटी घातलेले शेख होते, तसेच सैन्यातून निवृत्त झालेले अधिकारीही होते. या देशासाठी लढलेल्या माणसांना रस्त्यावर का उतरावे लागले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

द्रुझ पंथाचा उगम अकराव्या शतकात, फातिमी खलिफा अल्-हाकिम याच्या काळी, कैरोत झाला. इ.स. १०१७ च्या सुमारास सुरू झालेला त्याचा प्रसार १०४३ मध्ये थांबला आणि पंथाचे दार बंद झाले. तेव्हापासून नव्याने कोणी द्रुझ होऊ शकत नाही आणि समाजाबाहेरचा विवाह मान्य होत नाही; मराठी वाचकाला येथे पारशी समाजाची आठवण होईल. एकपत्नीत्व आणि पुनर्जन्मावरील श्रद्धा ही या पंथाची आणखी दोन वैशिष्ट्ये. धर्मग्रंथ मात्र दीक्षा घेतलेल्या 'उक्काल' मंडळींसाठीच खुले असतात. बायबलमधील मोशेचा सासरा इथ्रो यास द्रुझ 'नबी शुऐब' म्हणून पूज्य मानतात आणि तिबेरियाजवळील हित्तीन येथील त्याच्या समाधीस्थळी दर एप्रिलमध्ये यात्रा भरते.

सिरिया, लेबनॉन आणि इस्रायल या तीन देशांत हा समाज मुख्यत्वे विभागला आहे. स्वतःचे राष्ट्र मागण्याऐवजी जेथे वास्तव्य तेथील राज्याशी निष्ठा राखावी, अशी त्याची सर्वसाधारण रीत राहिली आहे. इस्रायलमध्ये गोलान धरून सुमारे दीड लाख द्रुझ असून गालील आणि कार्मेलच्या डोंगरांत त्यांची गावे आहेत. १९५६ मध्ये समाजाच्या काही पुढाऱ्यांच्या संमतीने द्रुझ पुरुषांना सैन्यसेवा सक्तीची झाली. लगोलग १९५७ मध्ये स्वतंत्र धर्मसमाज म्हणून मान्यता मिळाली आणि पुढे स्वतःची धार्मिक न्यायालयेही आली. या संबंधाला 'रक्ताचा करार' म्हटले जाते. अर्थात तो सर्वांना मान्य नव्हता. कवी समीह अल्-कासिम यांनी सैन्यसेवा नाकारून तुरुंगवास पत्करला होता.

तरीही बहुसंख्य तरुण सैन्यात गेले. गाझात ऑक्टोबर २०२४ मध्ये ठार झालेले ४०१ व्या ब्रिगेडचे प्रमुख कर्नल एहसान दक्सा हे दालियत अल्-कार्मेलचे द्रुझ होते.

पण गणवेश उतरवून गावी परतलेल्या तरुणापुढे पहिला प्रश्न घराचा असतो. १९४८ नंतर देशात शेकडो नवी ज्यू गावे वसली; द्रुझांसाठी एकही नवे गाव उभे राहिले नाही. जुन्या गावांच्या जमिनीचा मोठा भाग सरकारजमा झाला, विकास आराखडे वर्षानुवर्षे रखडले. मग वडिलोपार्जित जमिनीवरही विनापरवाना घर बांधावे लागते. २०१७ च्या 'कामिनित्झ कायद्या'ने अशा बांधकामांवरील दंड आणि पाडकामाचे अधिकार कितीतरी कडक केले.

अशा वातावरणात जुलै २०१८ मध्ये क्नेसेटने ६२ विरुद्ध ५५ मतांनी 'राष्ट्र-राज्य कायदा' संमत केला. त्यानुसार इस्रायलमध्ये राष्ट्रीय स्वयंनिर्णयाचा हक्क केवळ ज्यू जनतेचा ठरला, ज्यू वसाहतींना उत्तेजन हे राष्ट्रीय मूल्य झाले आणि अरबी भाषेचा राजभाषेचा दर्जा जाऊन तिला 'विशेष स्थान' उरले. या कायद्याने कोणाचा मतदानाचा किंवा नोकरीचा हक्क काढून घेतलेला नाही, असे समर्थक सांगतात आणि ते खरेही आहे. द्रुझांचा सल वेगळा आहे : या मूलभूत कायद्यात 'समानता' हा शब्दच नाही. तीन द्रुझ खासदारांनी न्यायालयात धाव घेतली. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा विरुद्ध एक अशा बहुमताने कायदा वैध ठरविला.

गोलानच्या चार द्रुझ गावांची कथा निराळी. १९६७ पूर्वी ती सिरियात होती. १९८१ मध्ये इस्रायलने तेथे आपला कायदा लागू केला, तेव्हा गावकऱ्यांनी नागरिकत्व नाकारून कित्येक महिने संप केला आणि बहुतेकांनी पुढेही अनेक दशके ते घेतले नाही. सैन्यसक्ती त्यांच्यावर नाही. मात्र संकट कागदपत्रे तपासून येत नाही. २७ जुलै २०२४ रोजी मजदल शम्सच्या फुटबॉल मैदानावर रॉकेट कोसळून बारा मुले मृत्युमुखी पडली.

जुलै २०२५ मध्ये सिरियातील सुवेदा प्रांतात द्रुझांचे हत्याकांड झाले, तेव्हा इस्रायलने द्रुझांच्या रक्षणाचे कारण देऊन दमास्कसमधील संरक्षण मंत्रालयाच्या इमारतीवर बॉम्बफेक केली. शेकडो द्रुझ आप्तांच्या ओढीने कुंपण ओलांडून सिरियात शिरले. द्रुझ समाजाचे आध्यात्मिक प्रमुख शेख मुवफ्फक तरीफ तेव्हा सुवेदासाठी मदतीचे आवाहन करीत होते. २०१८ च्या कायद्यातील दुरुस्तीची मागणी त्यांनी याआधीच सरकारपुढे मांडलेली आहे.