रोज एक ॲस्पिरिन : कोणाला आणि कशासाठी?

भाईंदरच्या खारी गावात राहणाऱ्या एका शिक्षक मित्रांनी विचारले, "शेजारचे काका रोज ॲस्पिरिनची छोटी गोळी घेतात. माझीही पन्नाशी उलटली. मी सुरू करू का?"

आपल्याकडे नदीकाठी वाळुंज नावाचे झाड आढळते. त्याच्याच कुळातील युरोपीय झाडाची साल तापावर उपयोगी पडते, हे एडवर्ड स्टोन यांनी १७६३ साली नोंदवले. १८९७ साली बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी शुद्ध ॲसिटिल सॅलिसिलिक आम्ल, म्हणजेच ॲस्पिरिन, तयार केले.

तापावरच्या या औषधाचा हृदयाशी संबंध कसा? जखम झाली की रक्तातील बिंबिका (प्लेटलेट्स) एकमेकींना चिकटतात आणि रक्त थांबते. हृदयाच्या रोहिणीत साचलेला मेदाचा थर फाटला तरी त्या तेच करतात. मात्र तेथे झालेली गुठळी रक्ताची वाट अडवते. हाच हृदयविकाराचा झटका. बिंबिकांना चिकटायला लावणारे थ्रॉम्बॉक्सेन ज्या विकराच्या मदतीने बनते, तो विकर ॲस्पिरिन कायमचा निकामी करते. बिंबिकांना केंद्रक नसल्यामुळे त्या नवा विकर बनवू शकत नाहीत. त्यांचे आयुष्य ८ ते १० दिवसांचे असते. म्हणून रोज ७५ मिलिग्रॅमही पुरते. ॲस्पिरिनच्या कार्याचा मूळ उलगडा जॉन वेन यांनी १९७१ साली केला. १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते.

पण जे औषध नको तेथील गुठळी रोखते, ते हवी तेथील गुठळीही रोखते. जठरात किंवा मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. म्हणून हिशेब मांडायला हवा.

अमेरिकेतील २२,०७१ निरोगी पुरुष डॉक्टरांच्या पाहणीचे निष्कर्ष १९८९ साली आले. ॲस्पिरिनमुळे झटके ४४ टक्क्यांनी घटले होते! प्रत्यक्षात पाच वर्षांत दर हजारी सुमारे २२ ऐवजी १३ झटके आले. म्हणजे हजारात ९ जण वाचले. २०१८ साली १५,४८० मधुमेहींच्या चाचणीत, सुमारे सात वर्षांत, दर हजारी ११ गंभीर रक्तवाहिनीविकार टळले. पण ९ गंभीर रक्तस्राव वाढले. त्याच वर्षीच्या, वृद्धांवरील दुसऱ्या मोठ्या चाचणीत हृदयविकार लक्षणीय घटले नाहीत. रक्तस्राव मात्र वाढले.

ज्यांना झटका किंवा गुठळीमुळे पक्षाघात येऊन गेला आहे, वा स्टेंट बसवला आहे, त्यांच्या बाबतीत मात्र पारडे फायद्याकडे झुकते. त्यांनी गोळी आपल्या मनाने बंद करणे धोक्याचे. निरोगी माणसाने, विशेषतः साठीनंतर, ती आपल्या मनाने सुरू करू नये. पावसाळ्यात ताप आला तर डेंग्यूची शंका असते. तेव्हाही ॲस्पिरिन टाळावे. मुलांच्या तापात तर ते देऊच नये.

मित्रांना मी सांगितले, "काकांना पूर्वी झटका आला होता का, ते आधी विचारा. तुम्ही रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या, तंबाखू सोडा आणि मग डॉक्टरांशी बोला."

वर्गात शेकडेवारी शिकवताना हे आकडे फळ्यावर जरूर मांडा. "४४ टक्के" आणि "हजारात ९" ही दोन्ही विधाने खरीच आहेत. टक्के कशाचे, हे विचारायची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर ती आयुष्यभर उपयोगी पडेल.