शू गळतेय, होत नाहीये

पाठीची गादी सरकून मागचे पाय गेलेल्या कुत्र्याच्या घरात एक गैरसमज हमखास असतो. अंथरूण सारखं ओलं होतंय, उचललं की कपड्यांवर शू गळतेय, तेव्हा 'बाकी काही असो, शू तरी होतेय' अशी घरचे एकमेकांची समजूत घालतात. मग पशुवैद्य पोटाला हात लावतात आणि मूत्राशय टणक, तट्ट फुगलेलं लागतं. गच्चीवरची टाकी भरून वाहते तेव्हा ती रिकामी होत नसते. इथेही आत मावत नाही म्हणून बाहेर गळत असतं.

हा आजार सर्वांत जास्त छळतो तो डॅशहंडला. त्याखालोखाल बीगल, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू, कॉकर स्पॅनियल. सोफ्यावरून उडी मारली म्हणून गादी सरकली, असं आपण म्हणतो, पण उडी हे बहुतेकदा निमित्त असतं. 2017 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी कुत्र्यांच्या 12व्या गुणसूत्रावर एफजीएफ4 या जनुकाची एक जादा प्रत शोधली. ती पाय आखूड करतेच, शिवाय मणक्यांमधल्या गाद्यांमध्ये कमी वयातच कॅल्शियम साचायला लावते. अशी कडक झालेली गादी एक दिवस फुटते आणि आतला ऐवज मेरुरज्जूवर आदळतो. ज्या बुटकेपणावर आपण भाळतो त्याची ही किंमत, आणि ती पिल्लू विकणारा सांगत नाही.

मूत्राशय आवळायचं आणि त्याच वेळी त्याचं तोंड सैल सोडायचं, हा हुकूम मेंदूतून निघतो आणि मेरुरज्जूच्या शेपटीकडच्या टोकाशी असलेल्या केंद्रापर्यंत जातो. गादी बहुधा सरकते ती छाती संपून कंबर सुरू होते तिथे, म्हणजे हुकूम वाटेतच अडतो. खालचं केंद्र शाबूत असतं, पण त्याला लगाम राहत नाही. मूत्रमार्ग आवळणारे स्नायू आवळलेलेच राहतात आणि हाताने दाबूनही धार लवकर येत नाही. इजा आणखी खाली, कंबरेच्या शेवटच्या मणक्यांपाशी असेल तर चित्र उलटं. स्नायू ढिले पडतात, मूत्राशय लिबलिबीत लागतं, कुत्रा नुसता कुशीवर वळला तरी गळतं. चादर दोन्ही घरांत ओलीच, पण औषधं मात्र एकमेकांच्या उलट. म्हणून शेजाऱ्यांच्या कुत्र्याला लागू पडलेली गोळी आपल्याकडे आणू नये. नसबंदी झालेल्या मादीची गळती थांबवायला फेनिलप्रोपॅनोलामाइन देतात, ते मूत्रमार्ग आणखी आवळतं. तुंबलेल्या कुत्र्याला ते दिलं तर काय होईल ते सांगायला नको.

तुंबलेल्याला पशुवैद्य साधारणपणे प्राझोसिन किंवा टॅमसुलोसिन देतात, कधी जोडीला डायझेपाम. प्राझोसिनने रक्तदाब उतरू शकतो. गोळीनंतर कुत्रा भेलकांडू लागला किंवा मलूल पडला तर लगेच फोन करायचा. मूत्राशयाला आकुंचन पावायला लावणारं बेथानेकॉल तोंड सैल झाल्याशिवाय देत नाहीत. बंद दारावर आतून धक्के देण्यात अर्थ नसतो.

पण गोळ्या मदतीला. खरं काम हातांचं. दिवसातून तीन-चार वेळा, म्हणजे दर सहा ते आठ तासांनी, मूत्राशय दाबून रिकामं करावं लागतं. हे व्हिडिओ बघून शिकण्याचं काम नाही. पशुवैद्यांच्या हाताखाली आपला हात ठेवून शिकायचं. कुत्र्याला कुणीतरी उभं धरतं किंवा कुशीवर निजवतं. मागच्या पायांच्या किंचित पुढे, पोटाच्या दोन्ही बाजूंना तळवे सपाट ठेवायचे. बोटांची टोकं रुतवायची नाहीत. हळूहळू आत सरकताना काहीतरी गोल, निसटतं हाताला लागतं. ते सापडलं की एकसारखा दाब द्यायचा, किंचित शेपटीच्या दिशेने, आणि धरून ठेवायचा. कुत्रा पोट ताठ करतो तेव्हा जोर वाढवायचा मोह होतो. तिथेच थांबायचं, त्याला श्वास सोडू द्यायचा, पुन्हा सुरुवात. धार येते, तुटते, परत येते. शेवटी हाताखाली मऊ, रिकामं लागलं की झालं. काहीच येत नसेल तर दामटायचं नाही, कारण मूत्राशय फुटू शकतं. अशा वेळी कॅथेटर लागतो, नरांना जास्त वेळा.

यात चालढकल महाग पडते. मूत्राशयाचे स्नायू फार ताणले गेले की त्यांची ताकद जाते, आणि पुढे नसा सुधारल्या तरी ते आवळले जात नाहीत. 'ओलं होतं म्हणून पाणी कमी पाजतो' हे तर मुळीच करू नये. लघवी दाट होते, जंतूंचं फावतं. स्टेरॉइड चालू असेल तर कुत्रा पाणी जास्तच पितो. मग पाणी नव्हे, दोन फेऱ्यांमधलं अंतर कमी करायचं.

साचलेल्या लघवीत जंतुसंसर्ग सहज होतो. संवेदना गेलेल्या कुत्र्याला जळजळ कळत नाही, तो कण्हत नाही. त्यामुळे आपल्या नाकाडोळ्यांवरच भिस्त: उग्र वास, गढूळ रंग, रक्ताची लकेर. लघवीचं कल्चर करून मगच अँटिबायोटिक. मागच्या वेळची उरलेली पट्टी फोडायची नाही.

कातडीचं थोडक्यात. कोमट पाण्याने धुवायचं, टिपून कोरडं करायचं, लांब केस कापायचे, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यायचा. बाळाच्या रॅशवरचं झिंक असलेलं क्रीम नको. कुत्रा चाटणार, आणि झिंक त्याला विषारी. शेपटीपुरतं भोक पाडलेला बाळाचा डायपर चालतो, नराला पोटपट्टा, पण दोन्ही लादी वाचवण्यासाठी. डायपर ओला झाला म्हणून एक फेरी चुकवली, असं होता कामा नये.

सुधारणेची लक्षणंही फसवी असतात. पंजा चिमटला की पाय आखडतो, तेवढ्याने त्याला दुखलं असं ठरत नाही. त्याने मान वळवून पाहिलं, केकाटला, तर खरं. शूचंही तसंच आहे. काही आठवड्यांनी पोटाला हात लागताच पिचकारी उडू लागते, घरात आनंद होतो. पण ती बरेचदा नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असते आणि अर्धीअधिक लघवी आतच राहते. अंगणात नेल्यावर हुंगून, थांबून, स्वतः केली तरच ताबा आला म्हणायचं, आणि तेव्हाही काही दिवस मागून पोट चाचपून बघायचं. चिमट्याची ही खोल वेदना कळत असलेले बहुतेक कुत्रे शस्त्रक्रियेनंतर चालू लागतात आणि शूही साधारण त्याच सुमारास ताळ्यावर येते. ती संवेदनाच गेलेली असेल तर निम्म्यांच्या आसपास सावरतात. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या नताशा ओल्बी यांनी 2003 मध्ये अशा कुत्र्यांचा दीर्घ पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यातल्या सावरलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांशांची थोडीफार गळती उरलीच. चालणारा कुत्राही अधूनमधून गळू शकतो, हे धरून चालावं.

आणि काही घरांत मूत्राशय दाबण्याचं हे काम जन्माचं होतं. हात बसला की ते पाच मिनिटांचं आहे, पण घरातल्या एकाच्याच गळ्यात पडता कामा नये. निदान दोघांना यायला हवं. गावी लग्नाला जायचं असेल तर बोर्डिंगवाल्याला आधी विचारून घ्यावं, मूत्राशय रिकामं करता येतं का. 'काळजी नको, आम्ही डायपर लावतो' असं उत्तर आलं तर दुसरं बोर्डिंग शोधावं.