बिबट्या, बकरी आणि सरकारी तिजोरी



जुन्नरहून पश्चिमेची वाट धरली आणि चावंड मागे टाकले, की आपण घाटघरला येऊन पोचतो. एका अंगाला जीवधनचा किल्ला, पुढ्यात नाणेघाट आणि घाटाखाली कोकण. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. येणारा-जाणारा व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकी, असे जुनी माणसे सांगतात. जवळच्याच लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख आहे. यज्ञात किती गाई दिल्या, किती घोडे दिले, किती कार्षापण वाटले, त्याचे आकडे तिथे दगडात कोरलेले आहेत. म्हणजे बघा, एकीकडे जमेचा रांजण आणि दुसरीकडे खर्चाचा हिशेब, आणि तोही कुणालाही वाचता यावा असा!

आज आपल्याला अशाच एका जमाखर्चाविषयी बोलायचे आहे. रानातल्या जनावरांच्या रक्षणासाठी पैसा लागतो. तो कुठून येतो, कोण खर्च करतो, आणि त्याच्यावर नजर कुणाची?

तुम्ही म्हणाल, “हे साहेबलोकांचे काम. आम्हाला काय त्याचे?” पण समजा, रात्री गोठ्यातली बकरी बिबट्याने नेली. सकाळी उसाच्या कडेला तिचे अर्धे धड सापडले. त्या घरापुरती वन्यजीव रक्षणाची सगळी किंमत त्या एका सकाळी त्या घराने भरली. ती किंमत एकट्या घराने सोसावी, की सगळ्या समाजाने वाटून घ्यावी? साऱ्या प्रश्नाचे मूळ इथे आहे.

आधी थोडा मागचा इतिहास पाहू. मुंबई राज्यात १९५१ साली वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या काळी फी भरून परवाना घ्यावा आणि शिकार करावी, अशी रीत होती. १९७२ साली साऱ्या देशासाठी वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीवर मोठे निर्बंध बसले. १९९१ च्या दुरुस्तीने तर हौसेच्या शिकारीचे दार बंदच झाले. मेलेला बिबट्या सापडला, तरी त्याचे कातडे आणि नखे सरकारी मालमत्ता ठरतात, बरं का! घरात ठेवली तर तो गुन्हा होतो.

अमेरिकेने वेगळी वाट धरली. तिथे शिकार चालते. १९३७ साली त्यांनी असा कायदा केला, की बंदुका आणि काडतुसे यांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला मिळावा. त्याला एक अटही घातली. शिकार परवान्याची फी दुसऱ्या कामाकडे वळवणाऱ्या राज्याला या पैशातला वाटा मिळत नाही. शिकारी पैसे भरतो आणि म्हणून हिशेबही मागतो. आपल्याकडे शिकारी राहिला नाही. मग पैसे कोण भरतो? आपण सगळे. लहानसहान खरेदीपासून मोटारीपर्यंत जो तो कर भरतो आणि त्यातून वनखात्याचा खर्च चालतो. तेव्हा हिशेब मागण्याचा हक्कही आपल्या सगळ्यांचाच आहे.

हा पैसा मुख्यतः तीन वाटांनी येतो. पहिली वाट राज्याच्या अंदाजपत्रकाची. दुसरी केंद्र सरकारच्या योजनांची. तिसरी वाट जरा समजून घ्यावी लागेल. रस्ता, खाण किंवा धरण यासाठी रानाची जमीन घेतली, की घेणाऱ्याला तिची भरपाई भरावी लागते. २०१६ च्या कायद्याने या रकमेचा वेगळा निधी केला आहे. त्यातले शंभरातले नव्वद रुपये राज्याकडे जातात आणि दहा केंद्राकडे. गेलेल्या रानाच्या बदल्यात रान उभे करावे, हा त्यामागचा हेतू.

पैसा आला म्हणजे काम झाले का? आपल्या जुन्नरनेच याचे उत्तर दिले आहे. कुकडीच्या धरणांचे पाणी कालव्यांनी पूर्वेला गेले, ऊस वाढला, आणि उसात बिबट्याला आडोसा मिळाला. गावातली कुत्री, शेळ्या, डुकरे ही त्याची भाकर झाली. २००१ च्या सुमारास बिबटे पिंजऱ्यात धरून दूरच्या रानात सोडण्याचा सपाटा सुरू झाला. पिंजरे, गाड्या, माणसे यांवर खर्च झाला. लोकांना वाटले, चला, पीडा गेली. पण पुढे अभ्यासकांनी जुन्नर परिसरातील नोंदी तपासल्या, तेव्हा माणसांवरचे हल्ले चौपटीहून अधिक वाढल्याचे दिसले. धरून नेलेले जनावर परक्या मुलखात बावरते आणि परत फिरू पाहते. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. तो कशामुळे शक्य झाला? कुणीतरी वर्षानुवर्षे तारीखवार नोंद ठेवली होती म्हणून. नुसता पैसा खर्ची पडला याला हिशेब म्हणत नाहीत. त्या पैशाने काय साधले, हे तपासणे म्हणजे हिशेब.

माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे. वनखाते एका स्वयंसेवी संस्थेच्या मदतीने ते चालवते. ज्या बिबट्याला परत रानात सोडता येत नाही, त्याला तिथे जन्मभर पोसावे लागते. पिंजऱ्यातला प्रत्येक बिबट्या म्हणजे रोजचा खर्च, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

कधी कधी गोळी घालण्यावाचून उपाय नसतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेडच्या परिसरात बिबट्याने तीन बळी घेतले. त्यात दोन लेकरे होती. लोक रस्त्यावर उतरले. अखेर परवानगी मिळाली आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला बिबट्याला गोळी घालण्यात आली. अशी परवानगी सरपंच, फौजदार किंवा आमदार देऊ शकत नाहीत. राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकानेच ती लेखी आणि कारणे नोंदवून द्यावी लागते. जनावर पकडता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही किंवा दुसरीकडे हलवता येत नाही, याची त्याला खात्री पटावी लागते. लेकरू गमावलेल्या घराला ही रीत फार सावकाश वाटते, आणि ते साहजिक आहे. पण लेखी हुकूम नसेल, तर उद्या कुणीही कुठल्याही बिबट्याला नरभक्षक ठरवील, आणि खरा नरभक्षक मोकळाच राहील.

आता बकरीकडे वळू. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला, तर २०२३ च्या निर्णयाप्रमाणे वारसांना २५ लाख रुपये मिळतात. जनावर मेले, तर बाजारभावाच्या ७५ टक्के रक्कम, ठरलेल्या मर्यादेत, मिळते. म्हणजे दहा हजारांच्या बकरीमागे साडेसात हजार. पण त्यासाठी तीन गोष्टी पाळायच्या. एक, ४८ तासांच्या आत वनरक्षकाला किंवा जवळच्या वनअधिकाऱ्याला कळवायचे. १९२६ हा वनखात्याचा मदत क्रमांक आहे. दोन, पंचनामा होईपर्यंत धड जागचे हलवायचे नाही. तीन, पंचनामा वाचून, समजून मगच सही करायची आणि अर्जाची पोच जपून ठेवायची.

भरपाई वेळेवर मिळाली नाही तर काय होते, ते गावात सर्वांना ठाऊक असते. कुणीतरी रागाच्या भरात त्या धडावर विष टाकतो. मग बिबट्या मरतो, तरस मरते, गावची कुत्री मरतात, आणि टाकणारा तुरुंगात जातो. म्हणून भरपाई ही कुणी केलेली मेहेरबानी नव्हे. रान राखण्याचाच तो खर्च आहे, आणि तो वेळेवर झाला पाहिजे.

देखरेख वरपासून खालपर्यंत आहे. महालेखापरीक्षक खर्च तपासतात, अहवाल विधिमंडळापुढे जातो आणि लोकलेखा समिती जाब विचारते. पण मुंबईत बसलेल्या हिशेबनिसाला घाटघरची शेळी दिसत नाही. त्याला दिसतो तो कागद. कागदावर नोंद नसेल, तर ती शेळी मेलीच नाही, असा सरकारी अर्थ होतो. गावात झालेला पंचनामा हा या साऱ्या हिशेबाचा पायाचा दगड आहे.

म्हणून ग्रामसभेत विचारा : यंदा आपल्या गावचे किती अर्ज गेले, किती मंजूर झाले, पैसे किती दिवसांनी आले? उत्तर मिळाले नाही, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांची फी भरून अर्ज करा. साधारणपणे तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

आणि शिक्षकमित्रांनो, तुमच्याकडे एक मागणे आहे. शाळेत एक वही घाला. तारीख, ठिकाण, कोणते जनावर गेले, कळवले कधी, पैसे आले कधी, एवढेच रकाने पुरेत. वरच्या वर्गातली मुले ती आनंदाने भरतील. गणिताचा गणित होईल आणि नागरिकशास्त्राचा धडाही होईल. तीन-चार वर्षांनी ती वही घेऊन ग्रामसभेत उभे राहा. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. तारीखवार लिहिलेल्या वहीला मात्र उत्तर द्यावेच लागते.